हिवरतळचा ले-आउट

जुगुप्सा हा बीभत्स रसाचा स्थायिभाव होय, हे वाक्य मी नांदेडच्या पाठशाळेत एकतीस वर्षे शिकवले. उदाहरणादाखल स्मशानाचे, कुजलेल्या मांसाचे वर्णन सांगत असे. विद्यार्थी नाक मुरडत, पाठ करीत आणि परीक्षेनंतर विसरत. स्वच्छ कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेल्या चार शब्दांचीही किळस येते, हे त्या वयात मला ठाऊक नव्हते. ते निवृत्तीनंतर, लातूरला लेकीकडे राहावयास आल्यावर कळले. तो कागद माझ्याच हातचा होता.

लातूर जिल्हा होऊन चौथे वर्ष लागले होते आणि पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई. पण गावाबाहेरच्या करपलेल्या रानांत प्लॉटांच्या पाट्या मात्र रोज उगवत. त्याच उन्हाळ्यात माझे शेजारी गुरुबसप्पा यांच्या थोरल्या मुलाने हैदराबादहून एक खोका पाठवला. त्यात किल्लीने चालणारे पत्र्याचे इंजिन, दोन डबे, बारा वळणदार आणि आठ सरळ असे रुळांचे वीस तुकडे होते.

गुरुबसप्पांची उभी हयात लातूरच्या अडीच फुटी लहान लाइनीवर गेली होती. शेवटची अकरा वर्षे ते पांगरदरा नावाच्या एका एकाकी स्टेशनाचे मास्तर होते. दिवसाला दोन गाड्या, एक लिंब, एक पाण्याची टाकी आणि मागे उघडा माळ. खोका उघडल्यावर त्यांनी इंजिन तळहातावर घेतले आणि कपाळाला लावले. मग म्हणाले, "गुरुजी, आपण दोघं मिळून छोटी रेल्वे मांडू. दाराची जुनी फळी आहे माझ्याकडं. तीवर बसेल एवढी."

"कोणती मांडायची?"

"तेच तर ठरवायचं."

ठरवण्यात एक महिना गेला, आणि तो महिना फार सुखाचा होता हे मला मान्य केले पाहिजे. रोज सकाळी दहाच्या सुमारास मी त्यांच्या ओसरीवर जाई. ते शरणार्थ म्हणत, मी नमस्कार म्हणे, आणि आमचा वाद सुरू होई. मी नांदेडचा, म्हणजे मीटरगेजचा. मला गोदावरीवरचा पूल हवा होता. ते म्हणत, "तुम्हा नांदेडवाल्यांना प्रत्येक गोष्टीला मीटर लागतो. आमचं अडीच फुटात भागतं." त्यांना पांगरदरा हवे होते, लिंबासकट, टाकीसकट. रूळ वीसच असल्यामुळे काहीतरी एकच होणार होते.

खोक्यात एक इंग्रजी पुस्तिका होती. तीत मांडणीचे चार प्रकार चित्रांनी दाखवले होते: गोल, लांबट गोल, आठाच्या आकड्याचा, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन थांबणारा. या चारही प्रकारांना पुस्तिकेत ले-आउट म्हटले होते. मी त्यासाठी 'लोहमार्गविन्यास' असा शब्द सुचवला.

गुरुबसप्पा म्हणाले, "गुरुजी, एवढा शब्द उच्चारून होईपर्यंत गाडी टेसन सोडून जाईल."

"मग 'मांडणी' म्हणू."

"मांडणी रुखवताची असते. आमच्या खात्यात ले-आउटच म्हणतात."

मी मान्य केले. आयुष्यभर शब्दांचे अर्थ सांगून पोट भरणाऱ्या माणसाने एवढे तरी ध्यानात घ्यावयास हवे होते की, त्या काळच्या लातुरात ले-आउट या शब्दाला एकच अर्थ उरला होता. रान मोडून, आखून, रस्ते सोडून, विकावयास काढलेले प्लॉट. चहाच्या टपरीपासून कचेरीपर्यंत सर्वांच्या तोंडी तो शब्द त्याच अर्थाने होता. मी मात्र तो पुस्तिकेतल्या अर्थाने घेऊन निश्चिंत बसलो.

गुरुबसप्पांचे जावई अमृतराव यांचा धंदा प्लॉटांचाच. वय चाळिशीच्या आत, बोलणे मधाळ, कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे. पूर्वी ते सासुरवाडीस सणावारी येत. त्या महिन्यात दर दोन दिवसांनी येऊ लागले. येताना कधी पेढे आणीत, कधी बर्फ. आमच्या वादात ते इतक्या आदराने भाग घेत की मला त्यांचे कौतुक वाटे.

"गुरुजी, गोल नको," ते एकदा म्हणाले. "गोल गाडी म्हणजे घाण्याचा बैल. निघाली तिथंच परत. गाडी कशी, कुठंतरी पोचली पाहिजे."

मला यात तत्त्व दिसले. जन्ममरणाच्या फेऱ्यापेक्षा गंतव्य बरे, असे काहीसे मी बोललोही. गोल मांडणी गेली.

पुढच्या खेपेस ते म्हणाले, "मामांचं पांगरदरा कुणी बघितलंय? एखादं जवळचं खरं गाव घ्या. चाकूरच्या अंगाला हिवरतळ आहे बघा. ओढा आहे, तीन चिंचा आहेत, माळ आहे. चित्रात कसं उठून दिसंल!"

गुरुबसप्पा कुरकुरले, पण जावयाचा शब्द मोडणे त्यांच्या घरात रीतीचे नव्हते. मी हिवरतळ पाहिले नव्हते. अमृतराव सांगत गेले आणि मी काढत गेलो. ओढा इकडे, चिंचा तिकडे, स्टेशन ओढ्याच्या अलीकडे. "स्टेशनापुढं रुंद रस्ता पाहिजे, नाही तर टांगे कुठून येतील?" असे म्हटल्यावर मी रुंद रस्ताही आखला. कागदाच्या माथ्यावर 'शुभमस्तु' लिहून त्याखाली बोरूने ठळक अक्षरांत लिहिले: नियोजित रेल्वे ले-आउट, हिवरतळ. तळाशी बारीक अक्षरांत प्रमाण दिले: जुन्या दाराच्या फळीवर मावेल इतके.

अमृतराव कागदाकडे पाहतच राहिले. "काय अक्षर आहे, गुरुजी! छापल्यासारखं. दोन दिवस नेऊ का घरी? रुद्राणीला दाखवतो."

रुद्राणी ही गुरुबसप्पांची लेक. तिला दाखवावयास मी कागद दिला. स्तुतीने माणूस कसा फुगतो याची सुभाषिते मी शेकड्याने शिकवली होती. त्यांपैकी एकही त्या वेळी आठवले नाही.

पंधरा दिवसांनी, एका गुरुवारी सकाळी, माझ्या दारात एक बाई आली. पन्नाशीची, उन्हाने काळवंडलेली, डोक्यावर पितळी घागर. तिने घागर उंबऱ्याच्या आत ठेवली आणि पदराने तोंड पुसले.

"रेघा वढणारे गुरुजी तुमीच का?"

"कोणत्या रेघा, बाई?"

"रेल्वीच्या. मी हिवरतळची साखराबाई. तुमच्यासाठी पाणी आणलंय, आमच्या हिरीचं. यष्टीत लोकं मांडीवर घ्या म्हणले घागर, सांडू नगा म्हणले. पिऊन तर बघा."

मी पेलाभर प्यालो. टँकरच्या गढूळ पाण्याने विटलेल्या जिभेला ते पाणी इतके गोड लागले की मी तिला आशीर्वाद दिला. मग ती मुद्द्यावर आली.

"रेघ जरा अलीकडं घ्या की, गुरुजी. लई न्हाई, चार पावलं. माझं प्लाट टेसनाच्या तोंडाम्होरं येतील. मला हाटेल टाकायचंय. जलमभर मोट वढली, पान्याच्या इंजनाचं ह्यांडल मारलं, दोर वढले. आता बसून च्या इकायचा."

"कोणते प्लॉट?"

"अमृतरावांनी देऊ केलेले. मी माझं हिरीचं रान देनार, ते मला टेसनाम्होरचे दोन प्लाट देनार. सोमवारी रजिस्ट्री हाय."

हळूहळू विचारून मी सर्व काढून घेतले. साखराबाईचा नवरा वारलेला, मूलबाळ नाही. दोन एकर रान, आणि त्यात एक विहीर. गावातल्या बाकीच्या विहिरी पौषातच आटल्या होत्या. हिच्या विहिरीला अजून दोन पुरुष पाणी होते. ज्याच्या हाती ती विहीर, त्याच्या दारी उद्या लातूरचे टँकर उभे राहणार. अमृतरावांना तिचे रान नको होते, प्लॉट तर त्यांच्याकडे माळावर पडलेलेच होते. त्यांना पाणी हवे होते. आणि त्या पाण्याच्या बदल्यात ते तिला माझ्या बोरूच्या दोन रेघा देत होते.

मी म्हटले, "बाई, ते खेळणे आहे. दोन म्हाताऱ्यांनी फळीवर मांडावयाची पत्र्याची गाडी. हिवरतळला कोणी रेल्वे आणत नाही."

साखराबाई हसली. खोडकर मुलाला हसावे तशी.

"अमृतराव म्हणलेच व्हते. गुरुजीला इचारलं तर खेळनं हाय म्हनतील. सरकारी गुपित हाय, त्यांना बोलता येत न्हाई. नगा बोलू. मी कुनाला सांगत न्हाई. रेघ तेवढी घ्या अलीकडं." घागर रिकामी करून घेऊन ती निघून गेली.

माझ्या तोंडातल्या पाण्याची गोडी तेव्हाच गेली. खोटे बोलणाऱ्यांची मला सवय होती. पण माझे खरे बोलणे आधीच वापरून, उष्टे करून ठेवलेले मी प्रथमच पाहिले.

मी गुरुबसप्पांना घेऊन अमृतरावांच्या कचेरीत गेलो. नव्या कलेक्टर कचेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये ती कचेरी होती. भिंतीवर माझा कागद काचेत बसवून लावला होता. निळसर नक्कल होती ती, मूळ कागदाच्या दुप्पट मोठी. तळाची प्रमाणाची ओळ कापलेली होती. 'शुभमस्तु' तेवढे ठेवले होते, आणि त्यावर झेंडूची माळ होती. रोज उदबत्ती लावीत असावेत. काचेच्या कोपऱ्यात राख साचली होती.

"या, या. मामा, बसा. गुरुजी, थंड घेणार?"

मी म्हणालो, "अमृतराव, हे काय आहे?"

"तुमचा ले-आउट."

"हा पत्र्याच्या गाडीचा आराखडा आहे. तुम्ही लोकांना रेल्वे येणार म्हणून सांगता."

त्यांनी दोन्ही कान धरले. "महादेवाची शपथ, गुरुजी, मी एकदाबी रेल्वे येणार असं म्हणलेलो नाही. लोक विचारतात, हे काय? मी म्हणतो, रेल्वे ले-आउट. त्यावर तसंच लिहिलंय की नाही? तुमच्याच हातानं लिहिलंय. लोकांनी काय समजायचं ते समजलं."

"आणि नियोजित?"

"तुम्ही योजलेलं नव्हतं का? महिनाभर तर योजत होता!" ते मनापासून हसले. "आणि गुरुजी, उद्या येईलबी. लातूर जिल्हा होईल असं कोण म्हणत होतं? झालाच ना?"

वाईट माणूस बचाव करताना निदान घाम तरी गाळतो. हा गृहस्थ प्रत्येक वाक्यागणिक अधिक नम्र होत होता. त्याच्या त्या नम्रतेला शिळ्या तुपासारखा खवट वास होता, आणि तो वास मला माझ्याही अंगाला येऊ लागला. गोल मांडणी कोणी काढून टाकली? मी. रस्ता कोणी आखला? मी. प्रत्येक वेळी त्याने विचारले होते आणि मी मोठ्या प्रसन्नतेने होकार दिला होता.

गुरुबसप्पा जावयासमोर नेहमीच गप्प असत. बाहेर आल्यावर त्यांनी टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाले, "थू."

"पोलिसांत जावे का?"

"काय सांगणार? म्हणेल, चित्र टांगलं होतं भिंतीला. माझी लेक त्या घरात आहे, गुरुजी. तुम्ही जा, मी अडवणार नाही. पण बाई ऐकणार आहे का तुमच्या पोलिसांचं? तिला वाटंल, गुपित फुटलं म्हणून धरपकड चालली."

आम्ही त्यांच्या ओसरीवर येऊन बसलो. फळी भिंतीला टेकून उभी होती. तिच्यावर खडूने त्यांनी केव्हातरी पांगरदऱ्याची खूण करून ठेवली होती: लिंब इथे, टाकी तिथे. तिच्याकडे बोट करून ते म्हणाले,

"तोंडानं सांगून तिला पटणार नाही. डोळ्यानं दिसलं तर पटेल. कागदावर आहे तस्संच मांडू. ओढा, चिंचा, रस्ता, सगळं. आणि नेऊन ठेवू गावात."

"मग पांगरदरा?"

त्यांनी ओल्या फडक्याने खडू पुसला. "रूळ वीसच आहेत."

शुक्रवार आणि शनिवार आम्ही काम केले. इतक्या तिरस्काराने कोणी खेळणे मांडले नसेल. सुतारकामाच्या भुशाला हिरवा रंग देताना गुरुबसप्पा पुटपुटत, "ही बघा जावयाची हिरवळ." ओढ्यात मी पाणी दाखवणार होतो, त्यांनी निळा कागद हिसकावून वाळू ओतली. म्हणाले, "एवढं तरी खरं राहू द्या." बाभळीच्या तीन काटक्यांच्या चिंचा केल्या, बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचे स्टेशन. रुंद रस्ता मीच चुन्याने ओढला. रेघ सरळ आली. तिच्या सरळपणाचीही मला शिसारी आली.

रविवारी हिवरतळचा बाजार. एका ओळखीच्या जीपवाल्याने आम्हाला फळीसकट नेले. चावडीपुढच्या ओट्यावर फळी ठेवली. शेजारी मी अमृतरावांच्या ले-आउटची निळी नक्कल लावली. गावात ती घरोघर होती. एका दुकानदाराने देवाच्या फोटोशेजारून काढून दिली. बाजार थांबला. मेथीची जुडी हातात तशीच धरून माणसे जमली. गुरुबसप्पांनी किल्ली दिली, शिट्टी फुंकली, आणि पत्र्याची गाडी कर्र कर्र करीत ओढ्यावरून, चिंचांखालून, रुंद रस्त्यापुढून गेली आणि टोकाला पोहोचून फळीवरून खाली मातीत पडली. लोक पोट धरून हसले.

"अरं, टेसन आल्याबरूबर गाडी मेली की!"

"माझा ह्यो प्लाट बघ, विडीच्या बंडलायवढा!"

साखराबाई पुढे आली. तिने कागद पाहिला, फळी पाहिली. बोटाने चिंचा मोजल्या: कागदावर तीन, फळीवर तीन. ओढ्याच्या वाळूत बोट घातले. मग चुन्याच्या रस्त्यावर बोट ठेवून तिने मला विचारले, "कागुद कुनाच्या हातचा?"

"माझ्या."

"मग माझी हिर कुटं हाय ह्याच्यात?"

मी कागदाकडे पाहिले. खरेच, विहीर नव्हती. अमृतरावांनी ओढ्याचे वळण सांगितले होते, चिंचांची उंची सांगितली होती, विहिरीचा शब्द काढला नव्हता.

"अख्खं गाव जिच्यावर पेतंय ती हिर दिसंना आन् रस्ता एवढा मोटा," ती म्हणाली. मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, अमृतरावांच्या कचेरीत मला जे वाटले होते ते सर्व तिच्या डोळ्यांत होते आणि ते माझ्यासाठी होते. "म्हातारपणी तुमी खेळत बसले, गुरुजी, आन् तुमच्या खेळापायी मी माझी हिर द्याया निघाले व्हते. आन् वर पाणीबी पाजलं तुमाला."

तेवढ्यात अमृतराव आले. कोणीतरी निरोप धाडला असावा. मोटारसायकल उभी करून, हात जोडीत, हसतमुखाने ते ओट्याजवळ आले आणि फळीभोवती एक फेरी मारली.

"काय सुंदर केलंय, मामा! गुरुजी, हे कचेरीत ठेवू आपण. काचेच्या पेटीत."

"अमृतराव," साखराबाई म्हणाली, "म्या उद्या रजिस्ट्रीला येत न्हाई."

"का हो, काकू?"

"आदी गाडी आना. ती माझ्या बांधाला हुबी ऱ्हाऊ द्या. मग हिर मागा."

"तुमची मर्जी," ते म्हणाले. आवाजात किंचितही कडवटपणा नव्हता. मग गर्दीकडे वळून म्हणाले, "ज्यांना शंका आहे त्यांनी मागं राहावं. टेसनासमोरचे दोन प्लॉट मोकळे झाले. कुणाला पाहिजे?"

मला वाटले, आता लोक त्याला हाकलतील. पत्र्याची गाडी अजून त्यांच्या पायांपाशी मातीत उलटी पडली होती, चाके आभाळाकडे करून. पण मागून एक पागोटेवाला पुढे सरकला आणि हलक्या आवाजात दुसऱ्याला म्हणाला, "नमुना करून गावात आणला म्हंजी मंजुरी आल्याबिगर न्हाई." दुसऱ्याने मान डोलावली. एक हात वर गेला. मग आणखी दोन. ज्यांच्या विहिरी आटल्या होत्या, त्यांच्याकडे रानाशिवाय द्यावयास काही नव्हते, आणि ते रान द्यावयास ते तयार होते. आमचे दोन दिवसांचे काम अमृतरावांच्या कामी आले होते.

साखराबाईने त्या हातांकडे पाहिले, फळीवरच्या वाळूत थुंकली, बाजाराची रिकामी पाटी डोक्यावर घेतली आणि आपल्या रानाकडे चालू लागली.

गुरुबसप्पांनी रूळ उचलावयास सुरुवात केली. अमृतराव म्हणाले, "मामा, राहू द्या ना तसंच." गुरुबसप्पांनी ऐकले नाही. एकेक तुकडा सोडवून ते पिशवीत टाकत राहिले. शेवटी जावयाकडे न पाहता म्हणाले, "रुद्राणीला म्हणावं, श्रावणात माहेरी येऊन राहा. एकटीच ये." त्यांच्या घरात जावयाला इतके कठोर कोणी कधी बोलले नव्हते.

अमृतरावांचे हसू थोडे हलले. ते सावरण्यासाठी ते माझ्याकडे वळले आणि चार लोकांदेखत, अतिशय भक्तिभावाने, माझ्या पायांवर डोके ठेवण्यासाठी वाकले.

नमस्कार करणाऱ्याला आशीर्वाद द्यावा, तो शत्रू असला तरी. असे माझ्या गुरूंनी मला शिकवले आणि मी कित्येकांना शिकवले. मी पाय मागे घेतले. ते आणखी वाकले; मी आणखी मागे सरलो, ओट्याच्या कडेपर्यंत, आणि हात धोतराला पुसत राहिलो.